टाळ्या, व्यसन आणि ओव्हरडोस : घरातल्या मोठ्यांनी जाणून घ्यावे असे काही



गणेशोत्सवातल्या सांस्कृतिक कार्यक्रमात स्टेजमागे मुलांना रांगेत उभे करण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असते. कोणाची नऊवारी सुटलेली असते, कोणाला ऐनवेळी पाणी हवे असते, कोणी रडवेले झालेले असते. पाच मिनिटांचा नाच संपला की मूल धावत खाली येते आणि आधी आईबाबांच्या चेहऱ्याकडे बघते. हल्ली पुष्कळदा समोर चेहरा नसतो, मोबाइल असतो. दुसऱ्या दिवशी घरात चर्चा असते ती त्या व्हिडिओला किती जणांनी पाहिले याची.

यात कोणाला दोष द्यायचा नाही. आपल्या मुलाचे नाव व्हावे असे कोणाला वाटत नाही? चलथाण, कडोदरा, पलसाणा परिसरात पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांना मुलाच्या यशाचे जरा जास्तच अप्रूप असते. सूरतला क्लासला नेणारे, टीव्हीच्या ऑडिशनसाठी मुंबई गाठणारे पालक आपल्यातही आहेत. म्हणून लहान वयातली प्रसिद्धी, व्यसन आणि ओव्हरडोस या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, आणि वेळ आलीच तर घरातल्यांनी काय करायचे, हे एकदा नीट समजून घेऊ. ज्यांची मुले स्टेजवर जात नाहीत त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे. लेखाचा दुसरा भाग प्रत्येक घरासाठी आहे.

एका गाणाऱ्या मुलीची गोष्ट

अमेरिकेतली ज्युडी गार्लंड अडीच-तीन वर्षांची असल्यापासून स्टेजवर गात होती. १९३५ मध्ये, वयाच्या १३व्या वर्षी, एमजीएम या मोठ्या चित्रपट कंपनीने तिला करारावर घेतले. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'ने ती जगभर पोहोचली. त्या काळात काय चालत असे ते तिनेच पुढे सांगितले. दिवसभर काम करता यावे आणि वजन वाढू नये म्हणून स्टुडिओतून तरतरी आणणाऱ्या गोळ्या मिळत. त्या गोळ्यांनी झोप उडे, म्हणून रात्री झोपेच्या गोळ्या. सकाळी पुन्हा पहिल्या गोळ्या. व्यसन तिला वाईट संगतीतून लागले नव्हते, मोठ्या माणसांनी कामाच्या सोयीसाठी लावले होते.

२२ जून १९६९ रोजी लंडनमधल्या राहत्या घरी ती मृतावस्थेत सापडली. वय अवघे ४७. चौकशीत झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक हे कारण निघाले आणि तो जाणूनबुजून केलेला नव्हता, अपघात होता, असा निष्कर्ष देण्यात आला. ओव्हरडोसचे पुष्कळ मृत्यू असेच असतात. त्या माणसाला मरायचे नसते.

दुसरे उदाहरण सुखरूप परतलेल्या मुलीचे. ड्र्यू बॅरिमोर १९८२ च्या 'ई. टी.' या चित्रपटाने सातव्या वर्षी प्रसिद्ध झाली. बालपणीच दारू आणि मादक पदार्थ तिच्या आयुष्यात आले आणि १३व्या वर्षी तिला उपचार केंद्रात राहावे लागले. आज ती नामवंत अभिनेत्री आणि टीव्हीवरची सूत्रसंचालक आहे. आपला भूतकाळ तिने लपवला नाही, त्यावर उघडपणे लिहिले आणि बोलली.

आपल्याकडचे चित्र

आपल्या मराठी माणसांना सर्वात जवळचे वाटणारे उदाहरण क्रिकेटमधले आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सामन्यात, शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. १४ वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या नाबाद ३२६ आणि १६ वर्षांच्या विनोद कांबळीच्या नाबाद ३४९. एका सामन्याने दोन शाळकरी पोरे देशभर गाजली. १९९३ मध्ये कांबळी यांनी लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकली. आणि १९९५ मध्ये, अवघ्या २३व्या वर्षी, त्यांची शेवटची कसोटी झाली. १७ कसोटी, सरासरी ५४ च्या वर.

पुढची गोष्ट वृत्तपत्रांतून आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाखतींतून सर्वांसमोर आली आहे : दारूचे व्यसन, उपचार केंद्रांच्या फेऱ्या, ढासळलेली तब्येत. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात त्यांना पाहून अनेकांना गलबलून आले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातल्या खेळाडूंनी मदतीची तयारी दाखवली, आणि आपण पुन्हा उपचाराला तयार आहोत असे कांबळी यांनी मुलाखतीत सांगितले. लहानपणीच्या प्रसिद्धीमुळेच हे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यसनाला एकच कारण कधी नसते. पण सोळाव्या वर्षी देशभर टाळ्या आणि तेविसाव्या वर्षी कसोटी संघाबाहेर, हा उतार कोणत्याही मुलासाठी अवघडच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सचिन पिळगांवकर 'हा माझा मार्ग एकला' या चित्रपटात लहानपणी आले, ते आजवर काम करत आहेत. २००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत ही पाच मुले घराघरांत पोहोचवली. २०२१ मध्ये तीच पाच जण मोठी होऊन त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीवर बसली. म्हणजे लहान वयात नाव झाले की मूल बिघडतेच, असे अजिबात नाही.

मग धोका नेमका कुठे?

मोठा माणूस प्रसिद्ध होतो तेव्हा त्याआधीचे एक आयुष्य त्याच्या गाठीशी असते. 'मी कोण' हे त्याला ठाऊक असते. मुलाला अजून ते ठरवायचे असते, आणि त्या आधीच जग त्याला सांगून टाकते : तू म्हणजे तुझा आवाज, तुझा नाच, तुझे शतक. आवाज वयात येताना फुटतो, गोंडस चेहरा बदलतो, पुढच्या वर्षी दुसरा छोटा कलाकार येतो. टाळ्या थांबतात, तेव्हा आपणच संपलो असे मुलाला वाटू लागते.

त्यात घरचे पैसे, घरची इज्जत त्याच्यावर अवलंबून असेल, तर 'मला नको वाटते, मला भीती वाटते, मी थकलो' हे सांगायला जागा उरत नाही. मूल लपवायला शिकते. आधी थकवा लपवते, मग अपयश. कोणी तरी हातात दिलेली पहिली सिगारेट किंवा गोळीही असेच लपते. व्यसन या लपवण्यावरच वाढते, आणि पुढे ओव्हरडोसमध्ये जीव जातो तोही बऱ्याचदा बंद दाराआड, कोणाला कळू न दिल्यामुळे.

हे दडपण फक्त टीव्हीवरच्या मुलांवर नसते. दहावीला पहिल्या आलेल्या, कबड्डीत जिल्हा गाजवलेल्या, रीलमुळे गल्लीत ओळखल्या जाणाऱ्या मुलावरही ते असते.

कायदा काय सांगतो

'द किड' या १९२१ च्या चित्रपटातला चार्ली चॅप्लिनबरोबरचा छोटा जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याची बहुतेक कमाई घरच्यांनी उडवल्याचे त्याला कळले. त्या प्रकरणानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला.

आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी स्पष्ट अटी आल्या. पालकांनी त्या तोंडपाठ ठेवाव्यात :

- दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही.
- सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडता कामा नये.
- निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेणे बंधनकारक.
- कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत.
- मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही.

शेवटची अट घरातही पाळता येते. 'यंदा मला नाचायचे नाही' असे मूल म्हणाले, तर त्याला तसे म्हणता आले पाहिजे.

व्यसन हा आजार आहे

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' म्हणजे ब्राउन शुगर पसरली. हा हेरॉइनचाच भेसळीचा, स्वस्त प्रकार. त्यात सापडलेल्या तरुण पोरांविषयी अनिल अवचट यांनी लिहिले आणि महाराष्ट्र हादरला. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या प्रतिष्ठानाच्या मदतीने पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही आधार हवा, हा विचार मराठी घरांत रुजवण्यात मुक्तांगणचा मोठा वाटा आहे.

आजार म्हणजे काय, ते थोडक्यात असे. मादक पदार्थ मेंदूतली आनंदाची यंत्रणा हाताशी धरतो. मेंदू हळूहळू त्याला सरावतो, मग तेवढाच परिणाम व्हायला जास्त मात्रा लागते. न मिळाल्यास अंग दुखते, घाम येतो, झोप लागत नाही, जीव कासावीस होतो. या टप्प्यावर 'मनात आणले तर सोडशील' हे वाक्य मधुमेहाच्या रुग्णाला 'मनावर घे, साखर उतरेल' असे सांगण्यासारखे आहे. किशोरवयात मेंदूची वाढ चालू असते, म्हणून त्या वयात लागलेली सवय जास्त घट्ट बसते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक गोष्ट लक्ष वेधणारी होती. हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांमध्ये १.१७ टक्के आढळले. पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर, पेट्रोल या सगळ्या सहज मिळणाऱ्या वस्तू. यांच्या वाफेने हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. मुलाच्या रुमालाला, कपड्यांना असा वास येत असेल तर दुर्लक्ष करू नका.

ओव्हरडोस कसा होतो

हेरॉइन, ब्राउन शुगर, अफू, काही वेदनाशामक गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध हे सगळे अफूच्या कुळातले पदार्थ. मेंदूचा जो भाग झोपेतही आपला श्वास चालू ठेवतो, त्यालाच ते मंद करतात. मात्रा जास्त झाली की माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, श्वास कमी कमी होत जातो आणि थांबतो. दारू आणि झोपेच्या गोळ्याही हेच करतात. धोका पुढील वेळी सर्वात जास्त असतो :

१. खंडानंतर पुन्हा घेतल्यावर. हे सर्वात महत्त्वाचे. माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून, रुग्णालयातून, तुरुंगातून किंवा गावी महिना-दोन महिने राहून परत येतो. शरीराची सवय मोडलेली असते. मोह झाला आणि जुनीच मात्रा घेतली, तर तीच आता जीवघेणी ठरते. म्हणून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून जपायचे असतात.

२. दोन-तीन गोष्टी एकत्र घेतल्यावर. दारूवर झोपेची गोळी, ब्राउन शुगरवर दारू. प्रत्येकाची मात्रा थोडी असली तरी एकत्र परिणाम प्राणघातक होऊ शकतो.

३. मालात काय आहे हे माहीत नसताना. चोरून मिळणाऱ्या पदार्थाची तीव्रता दर खेपेस वेगळी असते.

४. एकटे असताना. श्वास मंदावला तर पाहायला, हाक मारायला कोणी नसते.

ओळखायचे कसे, करायचे काय

ही लक्षणे दिसली तर वेळ घालवू नका : हाक मारून, खांदे जोरात हलवूनही जाग येत नाही, श्वास फार मंद, अडखळत, किंवा घशात घुरघुर, ओठ आणि नखे निळसर-राखाडी, अंग थंड, चिकट, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक. 'किती छान घोरतोय, झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल' हे म्हणणे अनेकदा शेवटचे ठरते. तो आवाज घोरण्याचा नसून गुदमरण्याचा असू शकतो.

- लगेच १०८ ला फोन करा. माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट नाही, हे आधी सांगा.
- तोंडात उलटी असेल तर पुसून काढा आणि त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे पुन्हा उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही.
- शेजारी बसून श्वासाकडे लक्ष ठेवा. एकटे सोडू नका.
- श्वास थांबला तर त्याला पाठीवर झोपवा, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या. फोन स्पीकरवर ठेवून १०८ वरच्या सूचना ऐकत राहा.
- गोळ्यांची रिकामी पाकिटे, बाटली जे सापडेल ते डॉक्टरांकडे न्या. काय घेतले ते खरे सांगा.

काय करू नये : लिंबूपाणी, मीठपाणी, ताक, कॉफी पाजू नका, बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात ते जाऊ शकते. बोटे घालून उलटी काढू नका. थंड पाण्याखाली बसवू नका.

अफूच्या कुळातल्या पदार्थांवर नालोक्सोन नावाचे औषध आहे. दवाखान्यात ते दिल्यावर माणूस काही मिनिटांत शुद्धीवर येऊ शकतो. पण त्याचा असर पदार्थाच्या असरापेक्षा लवकर उतरतो, श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून 'आता बरा आहे' म्हणून लगेच घरी आणू नका.

आणखी एक इशारा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत आकडी, भ्रम, जिवाला धोका होऊ शकतो. शपथ घालून खोलीत कोंडणे हा उपाय नाही. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

पोलिसांची भीती आणि लोकांची लाज

गुजरातेत दारूबंदी आहे, मादक पदार्थांचा कायदा कडक आहे, त्यामुळे रुग्णाला दवाखान्यात न्यायला घरचे कचरतात. रुग्णालय आपल्या पद्धतीने नोंद करील, पण जीव त्याहून मोठा आहे. हेही ठाऊक असू द्या की १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या ६४अ कलमानुसार, व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दलच्या खटल्यातून तिला संरक्षण मिळू शकते.

लाजेचे औषध मात्र आपल्याच हातात आहे. एखाद्या घरातला मुलगा केंद्रात आहे असे कळले, तर आपण काय बोलतो? हळदीकुंकवाला त्याच्या आईला वगळतो, की तिच्याशेजारी जाऊन बसतो? आपले शेजारी, नातेवाईक, मंडळी काय म्हणतील या भीतीनेच घरे दार लावून घेतात.

मदत कुठे मिळेल

- तातडीची रुग्णवाहिका : १०८
- व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन : १४४४६
- मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस : १४४१६
- अडचणीतल्या मुलांसाठी चाइल्डलाइन : १०९८
- सूरतचे नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि स्मीमेर हॉस्पिटल, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे.
- मराठीतून, घरच्यांसह उपचार हवे असतील तर पुण्याचे मुक्तांगण.
- अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन. दोन्हींना फी नसते.

एकदा उपचार घेऊन माणूस पुन्हा घसरला तर 'पैसे पाण्यात गेले' असे म्हणू नका. घसरणे हा या आजाराचा भाग आहे. पुन्हा उभे राहणारे पुष्कळ आहेत. त्याला एकच सांगून ठेवा : 'चुकलास तरी आधी आम्हाला फोन कर. रागवायचे ते आम्ही नंतर रागवू.'

मुलांनाही हेच सांगायचे आहे. येत्या गणेशोत्सवात तुमचे मूल स्टेजवरून खाली येईल तेव्हा पाच मिनिटे मोबाइल खिशात ठेवा. ते पायऱ्या चुकले असेल, ओळ विसरले असेल, तरी त्याला जवळ घ्या आणि जेवायला घेऊन जा. पंगतीत आपल्याशेजारी बसून ते 'आज मी चुकलो' असे हसत म्हणाले, तर पुढेमागे मोठी चूकही ते आपल्यालाच येऊन सांगेल.